ब्लूटूथ तुटतं, मग लॅपटॉप गोठतो (लिनक्स मिंट २२): रोग एक की दोन?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते, आज पाणी गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

मी मालवणात राहते, दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. लॅपटॉप कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जुना घेतलेला. १६ जीबी रॅम, एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट २२, कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) ६.८. मेपर्यंत कुरकुर नव्हती. जूनपासून दोन दुखणी मागे लागलीत.

पहिलं ब्लूटूथचं. नेकबँडमधला आवाज तुटत तुटत येतो, कुणीतरी नळ उघडझाप करत असल्यासारखा. दिवसातून दोन-चारदा तो पूर्ण सुटतो आणि मग खालच्या पट्टीतलं ब्लूटूथचं चिन्हच गायब. 'सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट ब्लूटूथ' दहादा केलं, ढिम्म. रीस्टार्ट केल्यावर कधी येतं, कधी नाही. मात्र बंद करून, चार्जर काढून, जेवून आलं की हमखास येतं.

दुसरं गोठण्याचं. दोन-तीन दिवसांतून एकदा सगळं जागच्या जागी थिजतं. माऊस हलत नाही, घड्याळ पुढे सरकत नाही. त्या वेळी लॅपटॉपचे स्पीकर चालू असतील तर शेवटचा आवाज अडकून राहतो. परवा समद्विभुज त्रिकोण शिकवत होते, माझंच रेकॉर्डिंग लावलेलं, आणि "भुज-भुज-भुज-भुज" असं सुरू झालं ते बटण दाबून मारेपर्यंत. मुलं अजून मला भुजबाई म्हणतात.

रिपेअरवाल्याला दाखवला. त्याने झाकणही न उघडता "मदरबोर्ड गेला, नवा घ्या" सांगितलं.

विंडोजच_बरी

विंडोज टाका, सुखी व्हा.

बूटनाना

आले, पहिल्या प्रतिसादालाच आले.

ताई, वर्णन छान केलंय, त्यातच निम्मी उत्तरं आहेत. इथे आज्ञा देवनागरीत लिहायची पद्धत आहे, तर मी उच्चारी लिहितो, टर्मिनलमध्ये रोमन टाका.

'रिस्टार्ट ब्लूटूथ' ही आज्ञा ब्लूटूथचा कारभार बघणारा वरचा प्रोग्राम तेवढा पुन्हा सुरू करते. त्याच्याखाली बीटी-यूएसबी नावाचा ड्रायव्हर आणि त्याच्याखाली प्रत्यक्ष चिप. चिन्हच गायब होतं म्हणजे चिपच दिसेनाशी झालीय. मालक घरात नाही आणि आपण दरवानाला बदलतोय.

जेवून आल्यावर बरं वाटतं त्यालाही कारण आहे. लॅपटॉपमधलं ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीनेच जोडलेलं असतं. नुसतं रीस्टार्ट केलं तर बऱ्याच मशीनवर त्या चिपचा वीजपुरवठा तुटतच नाही. अडकलेलं फर्मवेअर तसंच अडकून राहतं. पूर्ण बंद, चार्जर बाहेर आणि काही मिनिटं गेली की चिप खरोखर विझते.

आता "भुज-भुज". साउंडची चिप मेमरीतल्या एका छोट्या गोल हौदातून आवाज उपसत असते आणि प्रोसेसर त्यात नवं पाणी ओतत असतो. प्रोसेसर ओतायचा थांबला की चिप बिचारी तेच पाणी फिरवत बसते. म्हणजे तुमचा नुसता पडदा गोठत नाही, खालचं सगळं थांबतं.

तीन गोष्टी सांगा:
'जर्नलसीटीएल -के -बी -१' याचा शेवटचा भाग (-बी -१ म्हणजे मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाचा लॉग).
गोठल्यावर कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का?
लॅपटॉपला काय काय जोडलेलं असतं?

एक_शंका

मला तर वाटतं हे साधं ऑटोसस्पेंड आहे. काही सेकंद काम नसलं की कर्नल यूएसबीवरच्या चिपला झोपवतो, आणि काही चिपा उठताना रुसतात. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये एक फाइल करून 'ऑप्शन्स बीटीयूएसबी इनेबल_ऑटोसस्पेंड=एन' एवढी ओळ टाका आणि रीबूट करा. माझ्याकडे चार वर्षं हेच चालू आहे.

खाडीकाठची

नाना, एकशंका, दोघांचेही आभार.

कॅप्स लॉक मेला. दिवा जसा होता तसाच राहतो, लुकलुकतही नाही. ऑटोसस्पेंडची ओळ टाकली. जोडलेलं म्हणजे चार्जर, माऊस आणि रेकॉर्डिंगसाठी बाहेरची हार्ड डिस्क. ती डाव्या बाजूच्या निळ्या पोर्टात कायमच असते.

लॉगच्या शेवटी काहीच नाही! संध्याकाळी ७:४२ ला प्रिंटरबद्दल काहीतरी ओळ, आणि मग थेट पुढच्या बूटची सुरुवात. गोठला तो ७:४५ च्या सुमारास.

श्टुटगार्टची

हार्ड डिस्क आणि ती पण निळ्या पोर्टात! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं ताई? 😄

निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्याची तार ५ गिगाबिटच्या वेगाने चालते तेव्हा तिच्यातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. ब्लूटूथ तिथेच राहतं. ब्लूटूथ काही मूर्ख नाही, ते ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत असतं आणि खराब वाहिन्या टाळतं. पण अख्ख्या पट्ट्यातच कुणी ढोल बडवत असेल तर उडी मारून जाणार कुठे? त्यात वायफायही २.४ वर असेल तर तिघांची एका खोलीत भांडणं.

आज रात्री डिस्क काढून अर्धा तास गाणी ऐका. बाकी काही बदलू नका. आणि राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

बूटनाना

श्टुटगार्टताई बरोबर बोलतायत, पण त्याने आवाज तुटण्याचं कोडं सुटेल, चिप गायब होण्याचं नाही.

लॉग मध्येच संपलाय याचा अर्थ काही घडलंच नाही असा नव्हे. जर्नल साध्या नोंदी डिस्कवर दर ५ मिनिटांनी पक्क्या करतं, अतिगंभीर पातळीच्या तेवढ्या लगेच. मशीन अचानक मेलं तर शेवटची काही मिनिटं वाहून जातात. ७:४२ ते ७:४५, बरोबर तीच तीन मिनिटं आपल्याला हवीत. '/ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ' मध्ये 'सिंकइंटरव्हलसेक=५एस' करा आणि 'सिस्टिमडी-जर्नलडी' रिस्टार्ट करा. निदान होईपर्यंतच हं, कायमचं नको.

आणि रात्री झोपताना रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ लावा. पेनड्राइव्हवर ६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, यूईएफआयवर (हल्लीच्या बायोसवर) तीच चालते. एवढ्या ठार गोठण्यात रॅमवर पहिला संशय जातो.

अर्धवट

मॅडम, मला पण सेम प्रॉब्लेम होता. लॉगमध्ये एईआर एईआर करून हजारो ओळी यायच्या. ग्रबमध्ये (बूट मेनूच्या सेटिंगमध्ये) 'पीसीआय=नोएईआर' टाकलं, एकदम क्लीन. ट्राय करा.

खाडीकाठची

चार दिवसांचा अहवाल.

डिस्क काढल्यावर आवाज बराच सुधारला, पण पूर्ण नाही. खुर्ची मागे सरकवून फळ्यापाशी गेलं की, म्हणजे जेमतेम दोन मीटर, अजून तुटतो. नवऱ्याच्या फोनला हाच नेकबँड जोडला तर अंगणातल्या तुळशीपर्यंत चालतो.

मेमटेस्ट रात्रभर चालला, चार फेऱ्या, एकही चूक नाही.

ऑटोसस्पेंड बंद करूनही चिप दोनदा गायब झाली.

अर्धवट यांनी सांगितल्यावर लॉग बघितला तर माझ्याकडेही त्या एईआरच्या ओळी होत्याच, शेकड्यांनी. 'पीसीआय=नोएईआर' टाकलं आणि लॉग अगदी स्वच्छ झाला. हुश्श म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गोठला.

बूटनाना

अहो ताई, काढा ते आधी!

अर्धवटराव, राग मानू नका, पण हे औषध नाही. एईआर म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवर (लॅपटॉपच्या आत कार्डं जोडणाऱ्या वेगवान तारांवर) चुका झाल्या की त्या कळवणारा पहारेकरी. 'नोएईआर' ने चुका थांबत नाहीत, पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला जातो. नेटवर जिथे तिथे हाच सल्ला आणि लोक "सॉल्व्हड" लिहून मोकळे. तुमच्याकडे मशीन गोठत नव्हतं, फक्त लॉग भरत होता, म्हणून चाललं.

ताई, त्या ओळी हा आपला सगळ्यात मोठा धागा आहे आणि तो तुम्ही आत्ता सांगताय! एक ओळ जशीच्या तशी द्या, पत्त्यासकट.

खाडीकाठची

चुकलंच. मला वाटलं त्या नेहमीच येत असतात. घ्या:

पीसीआयईपोर्ट ००००:००:१डी.०: एईआर: करेक्टेड एरर रिसीव्ड
पीसीआयई बस एरर: सेव्हेरिटी=करेक्टेड, टाइप=फिजिकल लेयर
[ ०] आरएक्सएरर

अधूनमधून 'टाइप=डेटा लिंक लेयर' आणि 'बॅडटीएलपी' असंही आहे.

बूटनाना

फिजिकल लेयर. म्हणजे तक्रार वरच्या कुठल्या प्रोग्रामची नाही, तारेतून आलेले शून्य-एकच नीट वाचता येत नाहीयेत. 'करेक्टेड' म्हणजे पुन्हा मागवून घेतले, काम निभावलं. अशा दिवसाला चार-दोन ओळी आल्या तर मी ढुंकून बघणार नाही. शेकड्यांनी म्हणजे तार आजारी आहे.

आता '१डी.०' हे पोर्ट, त्याच्या पलीकडे कोण बसलंय ते 'एलएसपीसीआय -टी -व्ही' ने झाडाच्या आकारात दिसेल. काय आहे तिथे? एसएसडी की वायफाय? एसएसडी निघाली तर सगळं सोडून आधी बॅकअप.

खाडीकाठची

वायफाय कार्ड!! पण माझं वायफाय तर बरं चालतं. तक्रार ब्लूटूथची आहे ना?

श्टुटगार्टची

थांबा, थांबा. नानांच्या आधी मीच सांगते.

लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, च्युइंगगमच्या अर्ध्या पट्टीएवढ्या. कार्ड एम.२ खोबणीत बसतं. त्या एकाच खोबणीत काही पिना पीसीआय एक्सप्रेसच्या, त्यावर वायफाय. काही पिना यूएसबीच्या, त्यावर ब्लूटूथ. दोन भाऊ, दोन दरवाजे, पण घराचा पाया एकच.

यूएसबीची बाजू तपासा. चिप गायब झाली त्या वेळचा लॉग काढा आणि एईआरच्या ओळींशी वेळा जुळवा.

टाका_फेडोरा

एवढं कशाला, नवा कर्नल टाका. किंवा मिंट काढून फेडोरा लिनक्स.

एक_शंका

@टाका_फेडोरा, जूनमध्ये सुरू झालंय आणि कर्नल मेपासून तोच आहे. तुमचं नाव बदलून "टाका_काहीही" ठेवा.

खाडीकाठची

वेळा जुळल्या! काटा आला अंगावर.

१६:१०:३१ एईआर: मल्टिपल करेक्टेड एरर रिसीव्ड
१६:१०:३३ यूएसबी १-१०: यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ५
१६:१०:३३ यूएसबी १-१०: डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१
१६:१०:३४ यूएसबी १-१०: डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१

'एलएसयूएसबी -टी' ने बघितलं, १-१० म्हणजे ब्लूटूथच. तीन वेगळ्या दिवसांचे लॉग काढले, तिन्ही वेळा दोघांच्या ओळी चार-पाच सेकंदांच्या आत. पण गोठण्याच्या क्षणाचं अजून हातात नाही. ५ सेकंदांचं सिंक करूनही शेवट रिकामाच येतो.

बूटनाना

-७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक: समोरून काहीतरी आलं पण ते भाषेत बसत नाही. दोन वेगळ्या बसवर एकाच वेळी बडबड सुरू होते, म्हणजे दोघांत जे सामाईक आहे ते बघायचं. खोबणी किंवा कार्डाचा वीजपुरवठा.

गोठण्याचा क्षण पकडायला एक गावठी उपाय आहे. फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे वायफाय कार्डाशी काहीही संबंध नसलेली वेगळी वाट मिळाली. लॅपटॉपवर 'ओपनएसएसएच-सर्व्हर' टाका. फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप घेऊन त्यातून एसएसएचने लॅपटॉपमध्ये शिरा आणि 'सुडो डीमेसेग -डब्ल्यू' लावून ठेवा, कर्नलच्या ओळी येतील तशा दिसतील. लॅपटॉप मेला तरी त्याचे शेवटचे शब्द फोनच्या पडद्यावर राहतील. वायफाय मात्र चालूच ठेवा, आरोपी मोकळा फिरायला हवा.

आणि एक प्रश्न: गोठतो तेव्हा चार्जरवर असतो की बॅटरीवर?

खाडीकाठची

बहुतेक वेळा बॅटरीवर. लाईट गेलेली असते. पावसाळ्यात इथे लाईट असते त्यापेक्षा नसते जास्त.

एक_शंका

टीएलपी टाकलंय का?

खाडीकाठची

हो, बॅटरी वाचवायला. तुम्हाला कसं कळलं?

एक_शंका

बॅटरीवर गेलं की टीएलपी पीसीआय एक्सप्रेसच्या जोडण्यांना काम नसताना डुलकी घ्यायला लावू शकतं, त्याला एएसपीएम म्हणतात. धडधाकट जोडणी क्षणात जागी होते. तुमची आधीच खोकतेय, तिला दर थोड्या वेळाने झोपवून उठवलं तर एखादे वेळी ती उठणारच नाही. ग्रबमध्ये 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' टाकून बघा. कायमसाठी नको. मशीनच्या बूटच्या वेळी ग्रबच्या यादीत 'ई' दाबून त्या एका खेपेपुरतं टाकलं तरी पुरे.

हे पण औषध नाही, पण गोठणं कमी झालं तर निदान पक्कं होईल. (ऑटोसस्पेंडवर मी पैज लावली होती, ती हरलो हे मान्य.)

झिलगो

ह्यां खाऱ्या हवेचां काम गो बाय. आमच्याकडे टीव्हीचो रिमोट दोन पावसाळे काढणा नाय. माझ्या लॅपटॉपच्या चार्जिंगच्या तोंडाक हिरवी बुरशी इलली गेल्या वर्षी.

श्टुटगार्टची

@झिलगो, ती बुरशी नव्हे हो, तांब्याचा गंज. आणि मला वाटतं तुम्ही या धाग्यातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य लिहिलंय.

मी पोटापाण्यासाठी गाड्यांतले कनेक्टर तपासते, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा. कार्डाच्या कडेला जी सोनेरी दातांची रांग असते ती सोन्याची नसते. तांबं, त्यावर निकेल, त्यावर सोन्याचा मुलामा, तोही केसाच्या जाडीच्या किती तरी पट पातळ. मुलाम्यात बारीक छिद्रं असतात. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि ओलावा त्यातून आत शिरतो, निकेल-तांब्याला खातो आणि तो मळ त्याच छिद्रातून वर येऊन पृष्ठभागावर पसरतो. शिवाय लॅपटॉप तापतो-थंडावतो तसं कार्ड खोबणीत किंचित सरकत राहतं आणि मुलामा आणखी घासला जातो. आम्ही गाड्यांच्या सुट्या भागांवर मिठाच्या पाण्याचं धुकं सोडून हेच मुद्दाम घडवून बघतो. तुमच्या घरात ते फुकट होतंय.

साध्या विजेच्या तारेला असा मळ सहज चालून जातो. सेकंदाला अब्जावधी बिट नेणाऱ्या तारेला नाही.

श्रवणभक्त

मध्येच विचारतो, माफ करा. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी मस्त वाजतात पण मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा. माझं पण कार्ड गंजलं का? (नागपूर, समुद्र लांब आहे)

एक_शंका

नाही हो. माइक चालू झाला की हेडफोन गाण्यांच्या प्रोफाइलवरून फोनच्या प्रोफाइलवर उडी मारतो. तिथे आवाज बहुतेक हेडफोनांत ८ किंवा १६ किलोहर्ट्झने घेतला जातो. दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचं म्हणून ती काटकसर. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, नाहीतर नाना ओरडतील.

खाडीकाठची

सापडलं!!

'एएसपीएम=ऑफ' वर सहा दिवस एकदाही गोठला नाही, पण एईआरच्या ओळी चालूच होत्या. मग मुद्दाम ते काढलं, चार्जर काढला आणि नानांच्या पद्धतीने फोन लावून बसले. पावणेदोन तासांनी गोठला. फोनवरच्या शेवटच्या ओळी:

एईआर: मल्टिपल करेक्टेड एरर रिसीव्ड
यूएसबी १-१०: यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ७
एईआर: मल्टिपल करेक्टेड एरर रिसीव्ड
आणि वायफाय ड्रायव्हरची एक ओळ, की हार्डवेअर उत्तर देत नाही.

त्यानंतर काही नाही. फोनवर कर्सर लुकलुकत राहिला आणि लॅपटॉप समोर मेलेला. विचित्र वाटलं खरं, कुणाच्या तरी उशाशी बसून शेवटचं बोलणं ऐकल्यासारखं.

बूटनाना

शाब्बास! इतका स्वच्छ पुरावा मी या मंचावर फार कमी वेळा पाहिलाय. ड्रायव्हर कार्डाला काहीतरी विचारायला गेला, कार्ड त्या क्षणी बसवरून नाहीसं झालं आणि सगळं त्याच्यासाठी खोळंबलं.

आता झाकण उघडा. मशीन पूर्ण बंद, चार्जर बाहेर, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा, आणि झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची तार सोडवा. प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्यावर चिकटवा, लांबी सारखी नसते. कार्डावर दोन बारीक अँटेनाच्या तारा असतील, त्यांचा आधी फोटो. त्या बाजूला ओढायच्या नाहीत, नखाने सरळ वर उचलायच्या.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड. लोक खोडरबर सांगतात. मीही पूर्वी रॅमला खोडरबर मारलाय, नाही म्हणत नाही.

श्टुटगार्टची

खोडरबर नको हो नाना! उरलंसुरलं सोनं घासलं जातं आणि कचरा खोबणीत पडतो. आज बरं वाटेल, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट.

बूटनाना

बरं बाई. खोडरबर मागे घेतला.

खाडीकाठची

काल रविवारी केलं. धाकटा दीर बॅटरी धरायला, सासूबाई "त्या रिपेअरवाल्यालाच दिला असतास" म्हणायला.

कार्डाच्या दातांवर पांढुरकी साय होती, आणि एका टोकाचे तीन-चार दात चक्क हिरवट. देवघरातली तांब्याची पळी आठवडाभर घासली नाही की दिसते ना, तशी छटा. अल्कोहोलने पुसल्यावर कापडाला शेवाळी डाग आला. खोबणीत कापड जाईना म्हणून कार्डावरच दोन थेंब टाकून ते चार-पाचदा घातलं-काढलं, दर वेळी पुसून.

आणि दुसरी गंमत. दोनपैकी एका अँटेनाची तार जागेवर नव्हतीच! बटण सुटून बाजूला पडलेलं.

श्टुटगार्टची

ती तुमची दोन मीटरची गोष्ट! अनेक कार्डांत वायफाय दोन्ही अँटेना वापरतं आणि ब्लूटूथच्या वाट्याला त्यांतली एकच येते. वायफायने उरलेल्या एकीवर भागवलं, म्हणून "वायफाय बरं चालतं". ब्लूटूथ मात्र अँटेनाशिवायच ओरडत होतं. त्यात शेजारी हार्ड डिस्कचा ढोल.

एक_शंका

म्हणजे मोजा: आवाज तुटायला अँटेना आणि डिस्क, चिप गायब व्हायला गंज, गोठायला गंज अधिक एएसपीएम. धाग्याच्या मथळ्यात "रोग एक की दोन" विचारलंय, उत्तर अडीच.

विंडोजच_बरी

विंडोजवर हे झालं नसतं.

बूटनाना

बरोबर. विंडोजला गंज लागत नाही.

खाडीकाठची

२३ दिवस झाले, म्हणून धागा वर काढतेय.

एकदाही गोठला नाही, बॅटरीवरसुद्धा. 'नोएईआर' आणि 'एएसपीएम=ऑफ' दोन्ही काढून टाकलीत, टीएलपी जसं होतं तसं. 'जर्नलसीटीएल -के' मध्ये एईआर शोधलं तर पहिल्या दिवशीच्या दोन ओळी, त्यानंतर शून्य. हार्ड डिस्क आता उजवीकडच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात असते, रेकॉर्डिंगला तेवढा वेग पुरतो. जर्नलचं सिंकही मूळ ५ मिनिटांवर नेलं. लॅपटॉप रात्री झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपतो, सासूबाईंच्या वाळवणांशेजारी.

नेकबँड फळ्यापर्यंत काय, स्वयंपाकघरापर्यंत चालतो.

फक्त परवा, वर्गमूळ शिकवताना, एकदा मध्येच सुटला. माझ्या पोटात गोळा. धावत जाऊन लॉग उघडला, एकही ओळ नाही. एईआर नाही, डिस्कनेक्ट नाही, चिन्ह जागेवर. दहा मिनिटं शोधत होते.

मग बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, माझ्या फोनवरचं क्रिकेट ऐकू का येत नाहीये?"

झिलगो

😂😂 तेच्या फोनात जाऊन पेअरिंग उडव गो आधी.